ब्लॅक बॉक्स नसताना: छोट्या विमानाच्या लँडिंग अपघाताचा तपास कसा होतो

विमान अपघाताची बातमी आली की पाठोपाठ ‘ब्लॅक बॉक्स सापडला का’ हा प्रश्न येतो. दोन किंवा चार आसनांच्या, एकाच इंजिनाच्या छोट्या विमानाच्या बाबतीत या प्रश्नाला फारसा अर्थ नसतो, कारण त्यात ब्लॅक बॉक्स बहुधा नसतोच. आंतरराष्ट्रीय नियमांतील फ्लाइट रेकॉर्डरची सक्ती साधारणपणे ५,७०० किलोंहून जड विमानांपासून सुरू होते, आणि वैमानिक प्रशिक्षणासाठी जगभर वापरले जाणारे सेस्ना १७२ हे विमान पूर्ण भरलेले असतानाही सुमारे १,१०० किलोंचे असते. त्यामुळे असे विमान उतरताना मोडले, तर काय घडले हे सांगणारी कोणतीही एक पेटी हाती लागत नाही. धावपट्टीवरचे ओरखडे, वाकलेली पाती, कोणाच्या तरी फोनमधले चित्रीकरण आणि माणसांच्या आठवणी यांतून ती हकिकत जुळवावी लागते.

ती कशी जुळते हे समजण्यासाठी एक काल्पनिक, पण या क्षेत्रातल्या कोणालाही ओळखीचा वाटेल असा अपघात डोळ्यांसमोर ठेवू. चार आसनी विमान, आत वैमानिक आणि एक प्रवासी, संध्याकाळची वेळ, स्वच्छ हवा. विमान धावपट्टीला टेकले, उसळले, पुन्हा टेकले, पुन्हा उसळले आणि तिसऱ्या वेळी पुढच्या चाकाचा पाय मोडला. प्रोपेलर जमिनीला घासला आणि विमान डावीकडे घसरत जाऊन गवतात थांबले. दोघेही आपल्या पायांनी बाहेर आले. वर्तमानपत्रात याच्या चार ओळी येतील किंवा येणारही नाहीत. उतरतानाचे अपघात संख्येने बरेच असले, तरी त्यांत जीवितहानी तुलनेने कमी होते, म्हणून ते दुर्लक्षित राहतात. माझ्या मते मात्र अशाच अपघातांतून सर्वाधिक शिकता येते, कारण हकिकत सांगायला सगळे जण जिवंत असतात.

आधी उतरण्याची क्रिया पाहू. प्रत्येक विमानाचा एक किमान वेग असतो, ज्याच्या खाली पंख पुरेशी उचल देऊ शकत नाहीत. त्याला स्टॉलचा वेग म्हणतात. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेचे खाली झुकणारे पट्टे, उघडलेले असताना हा वेग ५० नॉट असेल, तर धावपट्टीकडे येताना त्याच्या १.३ पट, म्हणजे ६५ नॉट, ताशी सुमारे १२० किलोमीटर, एवढा वेग राखण्याचा प्रघात आहे. धावपट्टीच्या थोडे वर आल्यावर वैमानिक नाक हळूहळू उचलतो. या क्रियेला फ्लेअर म्हणतात. तिच्यामुळे खाली येण्याचा वेग मंदावतो, पुढे जाण्याचा वेगही उतरत जातो, आणि विमान उडण्याची ताकद संपता संपता मागच्या दोन मुख्य चाकांवर टेकते. पुढचे चाक त्यानंतर, सावकाश खाली येते.

हा क्रम केवळ शिस्तीचा नसून भौतिकशास्त्राचा आहे. पुढे चाक असलेल्या विमानात मुख्य चाके गुरुत्वमध्याच्या किंचित मागे असतात. ती आधी टेकली की विमानाचा भार चाकांच्या पुढे असल्यामुळे नाक आपोआप खाली झुकते, पंखांचा हवेशी होणारा कोन कमी होतो, उचल घटते आणि विमान जमिनीवर बसते. पुढचे चाक आधी टेकले, तर याच्या नेमके उलट घडते. चाकाने नाकाला वर लाथ मारल्यासारखे होते, पंखांचा कोन वाढतो, वेग शिल्लक असेल तर उचलही वाढते आणि नुकतेच टेकलेले विमान पुन्हा हवेत जाते. वैमानिक घाबरून नाक खाली दाबतो. पण विमान त्या हालचालीला उत्तर देईपर्यंत ते स्वतःच खाली वळलेले असते, आणि दोन्ही परिणाम एकत्र येऊन पुढचे चाक आधीपेक्षा जोराने आपटते. प्रत्येक दुरुस्ती अर्धा क्षण उशिरा पोहोचते आणि म्हणून झोका कमी होण्याऐवजी वाढत जातो. पाण्यातून उड्या मारत जाणाऱ्या सागरी प्राण्यावरून याला पॉरपॉइजिंग असे नाव पडले आहे. मुख्य चाकांचे पाय लवचीक आणि दणकट असतात, पण पुढचा पाय तुलनेने नाजूक असतो आणि त्याचा भार इंजिनामागच्या फायरवॉल नावाच्या पडद्यावर येतो. दोन-तीन आपट्यांतच तो हार मानतो.

पहिल्या स्पर्शालाच पुढचे चाक आधी का टेकले? बहुतेक वेळा याचे उत्तर जादा वेगात असते. वैमानिक ६५ ऐवजी ७५ नॉटने आला, तर फ्लेअरच्या जागी पोहोचल्यावरही विमानाकडे उडायला पुरेसा वेग असतो. त्यातच जमिनीपासून पंखांच्या लांबीपेक्षा कमी उंचीवर हवेचा अडथळा घटतो, त्यामुळे विमान वेग सोडायला तयार नसते. ते धावपट्टीवर तरंगत राहते. ७० नॉटच्या वेगाने दर सेकंदाला ३६ मीटर धावपट्टी मागे पडते, म्हणजे सहा सेकंद तरंगण्यात दोनशेहून अधिक मीटर संपतात. समोरचे टोक जवळ येताना पाहून वैमानिकाला विमान जबरदस्तीने खाली आणण्याचा मोह होतो. पण त्या वेगात विमान टेकवायचे म्हणजे नाक सपाट किंवा खालीच ठेवावे लागते, आणि मग पुढचे चाक आधी लागते.

आता यात वारा मिसळू या. पंखांना हवेच्या तुलनेतला वेग कळतो, चाकांना आणि ब्रेकना मात्र जमिनीच्या तुलनेतला. ६५ नॉटने येणाऱ्या विमानाला समोरून ५ नॉटचा वारा असेल, तर जमिनीवरचा वेग ६० नॉट होतो. तोच वारा मागून असेल तर ७०. थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे एवढ्याशा फरकाने ती ३६ टक्क्यांनी वाढते. आपल्या उदाहरणातल्या वैमानिकाने हवेतला वेग १० नॉटने जास्त ठेवला आणि वाराही मागून ५ नॉटचा होता असे धरले, तर त्याचा जमिनीवरचा वेग ६० ऐवजी ८० नॉट झाला आणि ऊर्जा जवळजवळ पावणेदोन पट. दोन्ही चुका सुट्या पाहिल्या तर क्षुल्लक वाटाव्यात अशा आहेत. मागून येणारा हलका वारा कॉकपिटमध्ये जाणवतही नाही. फक्त सगळे थोडे लवकर घडते आहे असे वाटते.

आता तपासाकडे वळू. पहिली घाई असते धावपट्टी मोकळी करण्याची, आणि नेमकी तीच तपासाला सर्वांत घातक असते. विमान हलवण्यापूर्वी छायाचित्रे काढणे, खुणांची अंतरे मोजणे, स्विच आणि दांडे कोणत्या स्थितीत आहेत ते नोंदवणे आवश्यक असते; बॅटरी तोडताना किंवा इंधन बंद करताना बचाव पथकाने कशाला हात लावला, हेही लिहून घ्यावे लागते. काही आधुनिक छोट्या विमानांत संपूर्ण विमानाला जमिनीवर उतरवणारे पॅराशूट असते आणि ते रॉकेटने बाहेर फेकले जाते. ते सुटलेले नसेल, तर अवशेषांजवळ जाणाऱ्यांना त्यापासून जपावे लागते.

मग खुणा वाचायच्या. टायरचा पहिला काळा पट्टा धावपट्टीच्या सुरुवातीपासून किती अंतरावर आहे, तो मधल्या चाकाचा आहे की बाजूच्या, पुढचा पट्टा किती मीटरनंतर आला, यावरून उसळ्यांचा आराखडा कागदावर उतरतो. पट्टे वळणदार असतील तर दिशेवरचा ताबा सुटला होता, आणि सरळ व गडद असतील तर ब्रेक जोरात दाबले होते, असा पहिला अंदाज बांधता येतो.

सर्वांत बोलक्या असतात प्रोपेलरच्या खुणा. फिरणारे पाते जमिनीला लागले की दर फटक्याला एक तिरका काप उमटतो आणि विमान पुढे सरकत असल्यामुळे काप एकामागोमाग ठराविक अंतरावर पडतात. दोन पात्यांचा प्रोपेलर मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ८० फटके बसतात. दोन कापांमधले अंतर ४० सेंटिमीटर भरले, तर विमान सेकंदाला ३२ मीटर, म्हणजे सुमारे ६२ नॉट वेगाने पुढे जात होते. गणित शाळेतले आहे, पण त्यात एक पेच आहे. इंजिन मंद चालत असेल आणि फेरे १,००० च असतील, तर त्याच वेगाला काप जवळजवळ ९६ सेंटिमीटरवर पडतील. म्हणजे एका समीकरणात वेग आणि फेरे ही दोन अज्ञात आहेत, आणि एक दुसरीकडून मिळाल्याशिवाय दुसरे कळत नाही. शिवाय जमिनीला आपटताच फेरे झपाट्याने घटतात, म्हणून पहिले दोन-तीन कापच भरवशाचे.

ते दुसरे अज्ञात आजकाल अनपेक्षित ठिकाणांहून सापडते. वैमानिकाच्या टॅब्लेटवरील नकाशाचे अ‍ॅप जीपीएसच्या नोंदी साठवत असते, इंजिनावर लक्ष ठेवणारे उपकरण तापमान आणि फेरे लिहून ठेवते, विमानतळाच्या कुंपणावरचा कॅमेरा विमान एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत किती फ्रेममध्ये पोहोचले ते दाखवतो. प्रवाशाने उतरण्याचे चित्रीकरण केले असेल, तर त्यातल्या आवाजाचाही उपयोग होतो. पाती सेकंदाला ८० वेळा हवा कापत असतील, तर ध्वनीच्या विश्लेषणात ८० हर्ट्झला ठळक रेषा दिसते आणि तिच्यावरून फेरे मोजता येतात. आपल्या उदाहरणात ती रेषा सापडली आणि काप ४० सेंटिमीटरवर होते असे समजू. याचा अर्थ शेवटच्या क्षणी इंजिन जोरात चालू होते. ‘मी पुन्हा उडायचा प्रयत्न केला’ असे वैमानिकाने सांगितले असेल, तर त्याला आता धातूची आणि डांबराची साक्ष मिळाली. विमान डावीकडे का ओढले गेले, हेही त्यातूनच उलगडते, कारण वैमानिकाच्या बाजूने पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणारा प्रोपेलर पूर्ण जोर आणि कमी वेग असताना नाक डावीकडे खेचतो, आणि उजव्या पायाने रडर, म्हणजे शेपटीवरचे सुकाणू, दाबून धरले नाही तर विमान तिकडेच जाते.

पात्यांचा आकारही बोलतो. जोर असलेल्या इंजिनाची पाती बऱ्याचदा पुढे वाकतात किंवा पिळवटतात, बंद किंवा मंद इंजिनाची मागे दुमडतात. हा नियम नव्हे, संकेत आहे. एकट्या पात्यावरून कोणी निष्कर्ष काढला तर मी त्यावर विश्वास ठेवणार नाही. मोडलेल्या चाकाच्या पायाचा छेद भिंगाखाली पाहिला, तर एकाच झटक्यात तुटलेला धातू आणि महिनोन्‌महिने चीर वाढत जाऊन तुटलेला धातू वेगळे ओळखता येतात. दुसऱ्या प्रकारात किनाऱ्यावर लाटांनी सोडलेल्या रेघांसारख्या रेघा दिसतात. अशा रेघा आढळल्या, तर तपासाचा रोख वैमानिकाकडून देखभालीकडे वळतो. फ्लॅप किती उघडे होते, हे खटक्याच्या स्थितीऐवजी ते हलवणाऱ्या यंत्रणेची लांबी मोजून ठरवतात, कारण खटका नंतर कोणीही हलवू शकतो. इंधनात पाणी होते का, वेग दाखवणारी नळी तुंबली होती का, आसन रुळावर पक्के बसले होते का, हेही पाहतात. पुढच्या आसनांवर दोघे आणि मागे कोणी नाही, तेव्हा विमानाचा भार पुढे सरकतो आणि फ्लेअरमध्ये नाक उचलायला जास्त ओढावे लागते. म्हणून माणसांची आणि सामानाची वजने मांडून गुरुत्वमध्य काढला जातो.

हे सगळे झाल्यावर तपास माणसाजवळ येतो, आणि इथे तो सर्वांत अवघड होतो. तपास करणाऱ्याला शेवट ठाऊक असतो, वैमानिकाला तो ठाऊक नव्हता. त्यामुळे ‘वेग जास्त होता हे त्याला दिसायला हवे होते’ हे वाक्य खरे असूनही निरुपयोगी ठरते. त्या अर्ध्या मिनिटात त्याला काय दिसत होते, कशाकडे त्याचे लक्ष होते आणि त्याने केले ते त्या क्षणी त्याला बरोबर का वाटले, हे शोधावे लागते. म्हणून मुलाखतीत ‘तुम्ही वेग पाहिला नाही का’ असे विचारत नाहीत; ‘शेवटच्या वळणापासून जे आठवते ते सांगा’ असे म्हणून गप्प बसतात. साक्षीदारांना एकमेकांशी बोलण्याआधी वेगवेगळे भेटणे चांगले, कारण चर्चा झाली की आठवणी एकमेकींत मिसळतात. ‘अचानक वाऱ्याचा झोत आला’ असे वैमानिक प्रामाणिकपणे सांगतो, पण हवामानाच्या नोंदीत झोत नसतो. त्याला उसळी जाणवली आणि मनाने तिला कारण जोडले; तो खोटे बोलत नसतो. अर्थात नोंदीलाही मर्यादा असतात. विमानतळांच्या नेहमीच्या हवामान अहवालात सर्वसाधारणपणे दहा मिनिटांच्या वाऱ्याची सरासरी असते, आणि झाडांच्या रांगेमागून फिरून येणारी हवा त्या आकड्यात दिसत नाही.

आपल्या वैमानिकाने सांगितले की दुपारी उड्डाण केले तेव्हा ज्या टोकाचा वापर चालू होता, त्याच टोकाने तो उतरला. मधल्या तीन तासांत वारा फिरला होता. टॉवर नसलेल्या त्या धावपट्टीवर वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक होता, पण वाढलेल्या झाडांमुळे तो येणाऱ्या मार्गावरून दिसत नव्हता. त्या वर्षी त्याची उड्डाणे मोजकीच झाली होती. प्रवासी नेण्यासाठी अमेरिकेत आणि युरोपात आधीच्या ९० दिवसांत तीन वेळा उड्डाण करून उतरलेले असावे लागते. त्याने ते कसेबसे पूर्ण केले होते. कागदावर तो पात्र होता, हात मात्र सरावलेला नव्हता. या दोन गोष्टींमधले अंतर नियम मोजू शकत नाही, आणि अनेक अपघात त्याच अंतरात घडतात.

मग तो पहिल्या उसळीनंतर, किंवा खरे तर तरंगू लागल्यावरच, परत का उडाला नाही? उतरणे सोडून पुन्हा वर जाण्याच्या या क्रियेला गो-अराउंड म्हणतात. ती प्रशिक्षणात प्रत्येकाला शिकवली जाते, पण तिच्यात वाटते तेवढी सहजता नसते. पूर्ण जोर देताच उघड्या फ्लॅपमुळे नाक झटकन वर जाते, ते दाबून धरावे लागते, पायाने डावी ओढ थोपवावी लागते आणि फ्लॅप टप्प्याटप्प्याने मिटावे लागतात. एकदम मिटले तर विमान खाली बसते. सराव नसेल, तर धावपट्टी डोळ्यांसमोर असताना हा खटाटोप करण्यापेक्षा उतरून टाकणे सोपे वाटते. शिवाय माणूस ठरवलेल्या बेताला चिकटून राहतो, आणि शेवट जितका जवळ तितकी ही चिकाटी वाढते. आपल्या वैमानिकाने तो निर्णय दुसऱ्या उसळीनंतर घेतला. निर्णय बरोबर होता, काही सेकंद उशिरा होता.

अशा घटनेला ‘अपघात’ म्हणायचे की नाही, याचीही व्याख्या आहे. १९४४ च्या शिकागो करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयसीएओ, उभी राहिली आणि त्या कराराला जोडलेले अपघात तपासाविषयीचे तेरावे परिशिष्ट १९५१ मध्ये स्वीकारले गेले. त्यानुसार उड्डाणाच्या हेतूने पहिला माणूस विमानात चढल्यापासून सगळे उतरेपर्यंतच्या काळात कोणाचा मृत्यू झाला, कोणी गंभीर जखमी झाले किंवा विमानाच्या सांगाड्याचे मोठे नुकसान झाले, तर तो अपघात. नुकसान केवळ प्रोपेलर, टायर, ब्रेक, पंखांची टोके अशा भागांपुरते असेल, तर मात्र नाही. गंभीर दुखापतीच्या व्याख्येत हाड मोडणे येते, पण हातापायांची बोटे किंवा नाक यांचे साधे फ्रॅक्चर वगळलेले आहे. कायद्याच्या मसुद्यात कोणीतरी एवढा बारीक विचार केला याची मला नेहमी गंमत वाटते. आपल्या विमानाची फायरवॉल चुरगळली होती, म्हणजे सांगाड्यालाच धक्का पोहोचला होता, म्हणून तो अपघात ठरला.

त्याच परिशिष्टाचे सर्वांत महत्त्वाचे वाक्य असे सांगते की तपासाचा एकमेव उद्देश पुढचे अपघात टाळणे हा आहे, दोष किंवा दायित्व ठरवणे हा नाही. म्हणून अमेरिकेत एनटीएसबी, फ्रान्समध्ये बीईए, ब्रिटन आणि भारत या दोन्ही देशांत एएआयबी अशा स्वतंत्र यंत्रणा आहेत. एनटीएसबीच्या अहवालाचा कोणताही भाग अमेरिकेत नुकसानभरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही. यामागे व्यवहार आहे: सांगितलेले उद्या आपल्यावरच उलटणार असे वाटले, तर वैमानिक वकिलाला विचारल्याशिवाय तोंड उघडणार नाही. लहान अपघातांत दर वेळी पथक येतेच असेही नाही. ब्रिटनची एएआयबी अनेक किरकोळ घटनांचा तपास वैमानिकाने भरून दिलेल्या अर्जावरून, पत्रव्यवहारानेच पूर्ण करते.

पूर्ण अहवालाचे चार भाग असतात: वस्तुस्थिती, विश्लेषण, निष्कर्ष आणि सुरक्षाविषयक शिफारशी. पहिल्या भागात मत येऊ द्यायचे नाही आणि दुसऱ्यात नवी वस्तुस्थिती आणायची नाही, हे पथ्य पाळणे लिहिणाऱ्याला जड जाते, पण वाचणाऱ्याला त्यामुळेच अहवाल तपासून पाहता येतो. छोट्या विमानाच्या बाबतीत हे सगळे अनेकदा दोन-तीन पानांत आटोपते आणि कारण म्हणून ‘उसळल्यानंतर वैमानिकाने केलेली अयोग्य दुरुस्ती’ एवढीच ओळ उरते. ती खोटी नसते. पण तेवढ्यावर थांबले, तर झाडे, विंडसॉक, फिरलेला वारा आणि कमी सराव हे सगळे त्या ओळीखाली गाडले जाते आणि पुढच्या हंगामात दुसरा कोणीतरी त्याच टोकाने उतरतो.

आपल्या उदाहरणातल्या अहवालात त्या ओळीबरोबर एक शिफारस आली असे समजू: विंडसॉक झाडांपासून दूर, दोन्ही टोकांकडून दिसेल अशा जागी हलवावा. तपास यंत्रणेला तो हलवण्याचा अधिकार नाही. ती फक्त सुचवू शकते. ज्या देशाच्या अधिकाऱ्यांकडे शिफारस जाते, त्यांनी काय केले किंवा काय करणार आहेत, आणि काहीच करणार नसतील तर का नाही, हे ९० दिवसांच्या आत कळवायचे असते.